मुंबई सिटी एफसी २०२२-२३ : निम्मा हंगाम झाला, बोलूया जरा

जलद_लोकल | १९ डिसेंबर २०२२

काल रात्रीची वर्ल्ड कप फायनल अजून डोक्यातून उतरलेली नाही. ३-३, मग पेनल्टी, मग मेस्सीच्या हातात कप. आज सगळीकडे त्याचीच चर्चा आहे आणि ती व्हायलाच हवी. पण शुक्रवारी, १६ तारखेला, कतारमध्ये एकही मॅच नव्हती. त्या रात्री कोलकात्यात आपल्या मुंबई सिटीने ईस्ट बंगालला ३-० हरवलं आणि इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) आपल्या वीसपैकी दहा मॅच पूर्ण झाल्या. म्हणून हा धागा. वर्ल्ड कप चार वर्षांनी पुन्हा येईल, आपली टीम या शनिवारी खेळणार आहे.

आधी आकडे. १० मॅच, ७ विजय, ३ बरोबरी, हार एकही नाही. २४ गुण. ३० गोल केले, १० खाल्ले.

आता हेच आकडे मधून कापून बघा. पहिल्या पाच मॅचमध्ये दोन विजय आणि तीन बरोबरी, १० गोल. पुढच्या पाचही जिंकल्या आणि २० गोल केले. म्हणजे टीम ऑक्टोबरमध्ये वेगळी होती आणि डिसेंबरमध्ये वेगळी आहे. हा सांधा नेमका कुठे बदलला ते मला विचाराल तर १२ नोव्हेंबर, चेन्नई. आपण ०-२ ने मागे होतो. मी घरी टीव्हीसमोर होतो आणि खरं सांगतो, मागच्या हंगामात असे दोन गोल खाल्ले की मी उठून भांडी घासायला जायचो. त्या दिवशी उठलो नाही, कारण ०-२ नंतरही कोणी घाईने लांब बॉल मारत नव्हतं. गोलकीपर लाचेन्पाकडून बचावातल्या मेहताबकडे, मेहताबकडून मिडफिल्डमधल्या जाहूकडे, पुन्हा तेच, तितक्याच शांतपणे. मग डियाझचा गोल आला, स्ट्युअर्टची पेनल्टी आली आणि शेवटी ६-२. सहा गोल, सहा वेगळे खेळाडू. त्यानंतर पाच दिवसांनी अंधेरीत बेंगळुरूला ४-०. सप्टेंबरात याच बेंगळुरूने ड्युरंड कपच्या फायनलमध्ये आपल्याला २-१ हरवलं होतं, ते अजून सलत होतं. आता नाही सलत.

पण मला लिहायचंय ते मुख्यतः याबद्दल नाही.

१३ मार्च २०२१. फायनलमध्ये आपण गोव्यात फातोर्ड्याला एटीके मोहन बागानला २-१ हरवलं. बिपिनने शेवटच्या मिनिटाला गोल मारला आणि लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमला मिळणाऱ्या शील्डपाठोपाठ ट्रॉफीही आपली झाली. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं, आणि स्टेडियम रिकामं होतं. कोरोनामुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात, बंद दाराआड झाला. पुढचाही, फायनल सोडता, तसाच. मी बिपिनचा गोल पाहिला तेव्हा घरात सगळे झोपले होते, ओरडता आलं नाही. उशी तोंडावर दाबून धरली आणि रडलो. चॅम्पियन झाल्याचा आनंद खरा होता, त्यात शंका नाही. पण २०१४ पासून डी. वाय. पाटीलला ठाण्याहून ट्रेन बदलत जाणारे, मग अंधेरीला भर पावसाळ्यानंतरच्या उकाड्यात बसणारे जे आम्ही लोक, त्यातला एकही तिथे नव्हता.

आणि त्याआधी आम्ही मैदानात होतो तेव्हा काय पाहिलं? मार्च २०१९ मध्ये सेमीफायनलला गोव्याने आपल्या घरात येऊन ५-१ मारलं. लोक हाफटाइमनंतर काही वेळातच उठायला लागले होते. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, ते शेवटपर्यंत बसले. हातातली घडी केलेली निळी जर्सी त्यांनी मॅच संपल्यावर उलगडली, अंगात घातली आणि मग ते पायऱ्या उतरले. हरल्यावर घातली. मला ते दृश्य कधी विसरता आलेलं नाही. पुढे २१ फेब्रुवारी २०२०, कोरोनाआधीची घरची शेवटची मॅच: चेन्नईयिनकडून ०-१, गोल कोणाचा तर आपल्याच जुन्या लुचियन गोयानचा, आणि प्लेऑफ हुकला. ती संध्याकाळ मनात घेऊन आपण अडीच वर्षांहून जास्त काळ घरी बसलो.

म्हणून १५ ऑक्टोबरला ओडिशाविरुद्ध पहिल्यांदा आझाद नगर मेट्रोच्या जिन्यावरून उतरलो तेव्हा पाय भरभर पडत होते. वीरा देसाई रोडवर निळ्या जर्सी दिसायला लागल्या. गेटमधून आत गेल्यावर पहिल्यांदा गवत दिसतं, दिव्यांखाली जरा जास्तच हिरवं, आणि कुठून तरी ढोलाचे पहिले ठोके येतात. वेस्ट ब्लॉक ब्लूज या आपल्या चाहत्यांच्या गटाची मंडळी नेहमीच्या जागी होती. शेजारच्या अनोळखी माणसाने काही न बोलता माझ्याकडे हात पुढे केला. मी मिळवला. दोघांनाही कळलं होतं कशाबद्दल. २-० जिंकलो. खेळ काही ग्रेट नव्हता, पण त्या रात्री खेळ बघायला आलोच नव्हतो, आपलं घर उभं आहे ना ते बघायला आलो होतो.

आणि १ डिसेंबर. गोवा. तेच मैदान, ४-१, या वेळी उलट्या बाजूने. २०१९ मध्ये जाहू आणि फॉल समोरच्या टीममध्ये होते, आता आपल्याकडे आहेत. मॅच संपली तेव्हा मी त्या आजोबांना शोधत होतो. दिसले नाहीत. घरी येऊन रात्री जपान-स्पेन पाहिली, जपानने स्पेनला हरवलं, तरी डोळ्यांपुढे अंधेरीच होतं.

खेळाबद्दल थोडं. माझ्या मते या टीमचा कणा अपुइया आहे. गोल करणारे दिसतात, त्यांची नावं लागतात. तुम्ही पुढच्या मॅचला फक्त दहा मिनिटं त्याच्यावर नजर ठेवा. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो दोनदा मागे वळून बघतो. डाव्या खांद्यावरून एकदा, उजव्या खांद्यावरून एकदा. बॉल पायात येतो तेव्हा त्याला आधीच माहीत असतं मागे कोण आहे, म्हणून तो एका स्पर्शात वळतो आणि समोरचा मिडफिल्डर चुकीच्या बाजूला राहतो. बावीस वर्षांचा मुलगा, ऐझॉलचा. त्याच्यामुळे जाहूला मागे राहून लांब तिरके पास टाकायला मोकळीक मिळते, आणि स्ट्युअर्टला बचावपटू आणि मिडफिल्डच्या मधल्या पट्ट्यात हिंडता येतं. मग उजवीकडून छांगते आत कापतो, डावीकडून बिपिन येतो, आणि मधे डियाझ सतत कोणाच्या तरी अंगावर धावत असतो. कोचीत त्याने आपल्या जुन्या क्लबविरुद्ध, केरळ ब्लास्टर्सविरुद्ध, गोल केला तेव्हा अख्खं पिवळं स्टेडियम गप्प झालं होतं.

आपला कोच डेस बकिंगहॅमबद्दल मी मागच्या वर्षी इथेच कडक लिहिलं होतं. पाचवे आलो, प्लेऑफला नाही पोचलो, आणि मी म्हटलं होतं की आधीच्या कोचची, लोबेराची, टीम याला झेपली नाही. ते शब्द मागे घेतो. एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय, तेव्हाच माझं मत बदलायला हवं होतं. आणि तो विजयी गोल राहुल भेकेचा, आपल्या मुंबईच्या पोराचा. याच भेकेने २०१९ ची फायनल बेंगळुरूच्या जर्सीत, आपल्याच अंधेरीच्या मैदानावर, ११७ व्या मिनिटाला हेडर मारून जिंकून दिली होती. तेव्हा वाटलं होतं, हा आपल्याकडे का नाही?

काळजी आहे ती घरच्या मैदानाची. जमशेदपूरशी १-१, मोहन बागानशी दोनदा पुढे जाऊन २-२. घरात पाच मॅचमध्ये १३ गोल, बाहेर १७. ज्यांच्यासाठी आम्ही येतो ते बाहेर जास्त मोकळे खेळतात की काय?

मला या वर्षी शील्ड हवी आहे. आणि ती अंधेरीत, माणसांनी भरलेल्या स्टँडसमोर हवी आहे. तुमचं काय मत?

बालेवाडी | १९ डिसेंबर

फार आतून लिहिलंय. मी पुण्याचा, एफसी पुणे सिटीवाला. तुमच्या पहिल्या हंगामात तुम्ही आम्हाला ५-० मारलं होतं, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, ती आठवण बाजूला ठेवून लिहितोय.

तुम्ही रिकाम्या स्टेडियमबद्दल लिहिलंत. आमच्याकडे स्टेडियम आहे, क्लब नाही. २०१७-१८ ला आम्ही सेमीफायनल खेळलो, मार्सेलिन्हो आणि अल्फारो फॉर्मात होते, वाटलं आता पुढच्या वर्षी. २०१९ मध्ये क्लब बंद झाला आणि लीगमधली आमची जागा हैदराबादला गेली. आता ९ ऑक्टोबरला काय झालं बघा. हैदराबादने तुमच्याविरुद्धची आपली 'घरची' मॅच बालेवाडीत खेळली. मी गेलो होतो. माझ्या जुन्या जागेवर बसलो. ३-३ झाली, मॅच सुंदर होती, आणि मला कोणासाठी टाळ्या वाजवायच्या ते कळत नव्हतं. एका बाजूला आमचा जुना वैरी, दुसऱ्या बाजूला आमच्या जागेवर आलेले चॅम्पियन. माझी नारिंगी जर्सी मी पिशवीत नेली होती. बाहेर काढली नाही.

त्यामुळे शील्ड तुम्हीच घ्या. निदान महाराष्ट्रात राहील.

जलद_लोकल | १९ डिसेंबर

बालेवाडी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे वडील महिंद्रा युनायटेडचे चाहते. कुपरेजवर त्यांच्या शेजारी बसून मी फुटबॉल शिकलो. २००५-०६ ला त्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये टीमच बंद झाली. मग मुंबई एफसी, तीही २०१७ ला गेली. वडिलांनी त्यानंतर एकाही क्लबला 'आपला' म्हटलं नाही. मुंबई सिटीच्या मॅचला मी चारदा बोलावलं, 'तू जा' म्हणाले. तुमची पिशवीतली जर्सी वाचून मला त्यांचं 'तू जा' नीट समजलं. पुढच्या वेळी अंधेरीला या, नारिंगी घालून या. माझ्या शेजारी जागा धरतो.

रंकाळा | १९ डिसेंबर

लेख मनापासून आवडला, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. तीस गोल झाले, आनंद आहे. त्यातले महाराष्ट्राच्या पोरांचे किती? भेके सोडला तर पहिल्या अकरात आपलं कोण दिसतं? मिझोराम, मणिपूर, सिक्कीम, पंजाब इथली पोरं येतात, घाम गाळून जागा मिळवतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब मॅच असली की दुपारपासून पेठा ओस पडतात. तालमीतली पोरं अनवाणी सुरू होतात. अनिकेत जाधव त्याच मातीतून २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. मग राज्यातल्या एकमेव आयएसएल क्लबचं माणूस आमच्या स्टेडियमवर वही घेऊन बसलेलं मला का दिसत नाही? क्लबमागे सिटी फुटबॉल ग्रुपचा पैसा आहे, जगभरची माणसं आहेत. अंधेरी ते कोल्हापूर एका रात्रीची गाडी आहे.

माझा पुतण्या सोळाचा आहे, डाव्या पायाचा आहे. त्याला मी काय सांगू, मुंबईला जा की कोलकात्याला जा?

शीव_स्टेशन | १९ डिसेंबर

रंकाळा यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात माझी भर: मुलींचं काय? माझी मुलगी अकरा वर्षांची. बेंगळुरूची मॅच तिची मैदानातली पहिली. ४-० झाल्यावर छांगते स्टँडजवळून टाळ्या वाजवत गेला आणि तिने इतक्या जोरात हाक मारली की त्याने वळून बघितलं. बस, तेवढंच. दुसऱ्या दिवशी शाळेत फुटबॉल खेळायचंय म्हणाली. शाळेने सांगितलं मुलींसाठी थ्रोबॉल आहे. मी दोनदा भेटून आले, तिसऱ्यांदा जाणार आहे. तोवर सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघी खेळतो, गोलकीपर मी.

खेळाबद्दल: जलद_लोकल, घरच्या मैदानाची काळजी मला तितकी वाटत नाही. त्या दोन्ही बरोबऱ्या पहिल्या पाच मॅचमधल्या आहेत, टीम तेव्हा बसायची होती. मला काळजी दमणुकीची वाटते. मैदानात एका वेळी चारच परदेशी चालतात, म्हणून ग्रिफिथ्स, फॉल, नोगेरा यांची अदलाबदल करता येते. पण अपुइया, छांगते, बिपिन यांच्या जागी तितक्याच तोडीचं कोण? विक्रम प्रताप आहे, विनीत राय आहे. फेब्रुवारीपर्यंत त्यांना आत्तापासून जास्त मिनिटं द्यायला हवीत. आपण ३-० वर असतानाही तेच अकरा का धावत असतात, हे मला कळत नाही.

म्हापसा | २० डिसेंबर

गोव्याचा आहे, एफसी गोवाचा आहे, तरी लिहितो. १ तारखेच्या ४-१ नंतर दोन दिवस पेपर उघडला नव्हता. आमचा मंदार राव देसाई तुमच्या जर्सीत बघायची अजून सवय व्हायची आहे. लोबेरा, जाहू, फॉल, मंदार सगळे एकदम गेले तेव्हा घर रिकामं झाल्यासारखं वाटलं होतं.

पण २०२१ च्या त्या फायनलबद्दल एक सांगायचं आहे. मी तेव्हा नोकरीसाठी मडगावात राहायचो, फातोर्ड्यापासून जवळच. गच्चीतून स्टेडियमचे दिवे दिसायचे. त्या रात्री दिवे चालू, आणि आवाज काहीच नाही. फायनलची रात्र आणि रस्त्यावर कुत्रं भुंकलेलं ऐकू येत होतं. आमच्या गावात मॅच आणि आम्हालाही आत जायला नाही. बिपिनचा गोल टीव्हीवर झाला तेव्हा मी गच्चीत गेलो, बाहेर काही फरक पडलाय का बघायला. दिवे तसेच. तुम्ही उशी तोंडावर दाबलीत, मी गच्चीत एकटा उभा होतो. तुम्ही आमचे वैरी, पण त्या रात्री मला वाटलं, यांची माणसं इथे असायला हवी होती.

११ फेब्रुवारीला फातोर्ड्याला या. हरवून पाठवू, पण जेवून जा.

जलद_लोकल | २० डिसेंबर

म्हापसा, 'दिवे तसेच' वाचल्यावर मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. धन्यवाद. फेब्रुवारीत येणार, जेवणार, आणि तीन गुण घेऊन जाणार.

रंकाळा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असलंच तर ते क्लबने द्यायला हवं. मी एवढं करू शकतो: क्लबची माणसं चाहत्यांशी बोलतात तेव्हा हा प्रश्न तुमच्या शब्दांत विचारीन. शाहू स्टेडियमवर वही घेऊन बसलेला माणूस. पुतण्याला सांगा, सध्या कुठेच जायची घाई नको, डावा पाय जपायचा. आणि मोठ्या सामन्याची तारीख ठरली की मला कळवा. मी कोल्हापूरचा फुटबॉल मैदानात बसून कधीच पाहिलेला नाही, याची आता लाज वाटते.

शीव_स्टेशन, दमणुकीचा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. मी घरच्या गोलांत अडकलो आणि ते सुटलं. पहिली पाच विरुद्ध पुढची पाच हे मीच मांडून पुन्हा बरोबऱ्यांची काळजी केली, तुम्ही बरोबर पकडलंत. हैदराबादशी ४ फेब्रुवारीला आपल्याकडे मॅच आहे. तिथे हे अकराच्या अकरा ताजे हवेत. त्यासाठी आत्ता विक्रमला तासभर द्या, बिपिनला बसवा, चालेल. शाळेत तिसऱ्यांदा जाल तेव्हा काय झालं ते इथे नक्की लिहा.

शीव_स्टेशन | २० डिसेंबर

लिहीन. शनिवारी, २४ ला, चेन्नईयिनच्या मॅचला आम्ही दोघी येतोय. तिने जुन्या चादरीवर निळ्या रंगाने 'आमची सिटी' लिहायला घेतलंय. 'सिटी'ची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावर घरात काल अर्धा तास चर्चा झाली.

बालेवाडी | २१ डिसेंबर

२४ ला मी मुंबईत बहिणीकडे आहे. ती जागा अजून आहे का?

जलद_लोकल | २१ डिसेंबर

आहे. आझाद नगर मेट्रोच्या जिन्याखाली मॅचच्या तासभर आधी. आणि आत्ता वडिलांना फोन केला होता. त्यांना तुमच्या पिशवीतल्या जर्सीबद्दल सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, 'तिकीट कितीला आहे?' मी चार काढतोय.